डोंगराच्या पोटातील पाणी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्याख्यानासाठी आम्ही झरे, ओढे, गुहा आणि वन्य जीव हा विषय सुचविला, तेव्हा कार्यकारिणीतील काही स्नेह्यांना तो जरासा अप्रस्तुत वाटला. अशा प्रसंगी संतवाङ्मयावर बोलावे, नाट्यसंगीतावर बोलावे, निदान महाराष्ट्राच्या थोर परंपरेचे स्मरण करावे, अशी रीत आहे आणि ती उचितच आहे. शिवाय आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलेले आणि बदलीच्या हुकमाबरोबर बिऱ्हाड उचलून प्रांतोप्रांती हिंडलेले आम्ही एक सामान्य अधिकारी. परंतु ज्या भूमीने पन्नास वर्षे आपल्या मंडळाला आसरा दिला, जिच्या डोंगरांतून झिरपलेले पाणी आपली मुले पीत आली, तिच्याविषयी चार शब्द जाणून घेणे हे आपल्यासारख्या दूरदेशी आलेल्या कुटुंबांचे कर्तव्यच आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून हे धाडस.

ईशान्य भारतात, विशेषतः मेघालयात, नवीन आलेल्या मराठी माणसाला पहिला धक्का बसतो तो पावसाचा. सोहरा म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातले चेरापुंजी. तेथे आणि शेजारच्या मौसिनराम येथे वर्षाला सरासरी अकरा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. १८६० च्या ऑगस्टपासून १८६१ च्या जुलैपर्यंतच्या बारा महिन्यांत चेरापुंजीस २६,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दुसरा धक्का मात्र त्याहून मोठा असतो. त्याच सोहऱ्याच्या परिसरात हिवाळ्यात बायाबापड्या पाण्यासाठी भांडी घेऊन दूरवरच्या झऱ्यावर जातात. आकाशातून एवढे पाणी ओतले जाते, ते जाते तरी कोठे?

काही पाणी उघड्या उतारांवरून सरळ खाली बांगलादेशाच्या मैदानात धावते. उरलेले डोंगराच्या पोटात शिरते. मेघालयाच्या दक्षिण कडेने चुनखडीचा लांबलचक पट्टा आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कर्बवायू शोषून किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडीच्या भेगांत शिरून लाखो वर्षे खडक विरघळवीत राहते. भेगेची फट होते, फटीचे भुयार होते आणि भुयाराची गुहा होते. मग वरचा ओढा एके ठिकाणी एकाएकी जमिनीत गडप होतो आणि दुसऱ्याच कुठल्या दरीत, दुसऱ्याच गावाच्या हद्दीत झरा म्हणून प्रकट होतो. खासी भाषेत गुहेस ‘क्रेम’ म्हणतात. मेघालयात आजवर सतराशेहून अधिक गुहांची नोंद झाली असून चारशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या भुयारांची मोजणी झाली आहे. जैंतिया टेकड्यांतील क्रेम लियात प्राह ही गुहा सुमारे ३१ किलोमीटर लांबीची आहे. मौसिनराम भागातील क्रेम पुरी ही गुहा चुनखडीची नसून वालुकाश्माची आहे. २०१८ साली तिची मोजणी झाली तेव्हा ती साडेचोवीस किलोमीटर भरली, आणि वालुकाश्मातील ती जगातील सर्वांत लांब ज्ञात गुहा ठरली.

ही मोजणी कोणी केली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ती एकट्या सरकारी खात्याने केली नाही. १९९२ पासून मेघालयातील साहसप्रेमी मंडळी आणि युरोपातून येणारे गुहासंशोधक हे हिवाळ्यातील कोरड्या दिवसांत एकत्र जमतात, गावच्या दरबाराची परवानगी घेतात, गावकऱ्यांना वाटाडे म्हणून बरोबर घेतात आणि कंबरभर थंड पाण्यातून सरपटत जाऊन हातभर-हातभर भुयार कागदावर उतरवितात. ज्याचा नकाशा नाही त्याचे रक्षण करता येत नाही, हे तत्त्व सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसास वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ज्या जमिनीची नोंद दप्तरात नाही, ती कोणाच्याही घशात जाऊ शकते.

आता या काळोखात राहते कोण? १९२२ साली भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे स्टॅनले केम्प आणि चोप्रा हे दोन शास्त्रज्ञ गारो टेकड्यांतील सिजू गुहेत उतरले. सिमसांग नदीच्या काठी असलेली ही गुहा ‘दोबाक्कोल’, म्हणजे वटवाघळांची गुहा, या नावाने स्थानिकांना ठाऊक होती. या दोघांनी गुहेच्या तोंडापासून आतल्या निबिड अंधारापर्यंत पद्धतशीर शोध घेतला, आणि जमविलेल्या जीवांचे नमुने प्रत्येक गटाच्या जाणकाराकडे अभ्यासासाठी पाठविले. कोळी एकाने पाहिले, गोगलगाई दुसऱ्याने, कीटक तिसऱ्याने. १९२४ साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात हा सारा अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या एका गुहेत शंभराच्या आसपास जातींचे प्राणी नोंदले गेले होते. आज ज्यास आपण सहकारी संशोधन म्हणतो त्याचा शंभर वर्षांपूर्वीचा हा उत्तम नमुना होय. गुहा एक, पण ती समजून घेण्यास एका माणसाचे ज्ञान पुरेसे नाही.

गुहेतील संसार मोठा काटकसरीचा असतो. तेथे सूर्यप्रकाश नाही, म्हणून हिरवे पान नाही. अन्न येते ते बाहेरूनच. पुराच्या पाण्याबरोबर पालापाचोळा येतो, आणि वटवाघळे रात्रभर बाहेर किडे टिपून आत येऊन विष्ठा टाकतात. त्या विष्ठेवर बुरशी, बुरशीवर किडे, किड्यांवर कोळी, अशी ती साखळी असते. गुहेतले जीव सावकाश वाढतात, थोडीच पिल्ले घालतात, आणि पुष्कळदा एकाच गुहेपुरते किंवा एकाच डोंगरापुरते असतात. म्हणून बाहेरच्या जंगलातला प्राणी एका रानातून दुसऱ्या रानात पळून जाऊ शकतो, तसे यांना करता येत नाही. वटवाघळे उठून गेली की मागे राहिलेल्यांची उपासमार सुरू होते.

येथे आपल्या मंडळाच्या मराठी सभासदांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. १९१२ च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीत बेळगावच्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत, एक अनोळखी वटवाघूळ सापडले. १९१३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, आणि मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील रॉटन या अधिकाऱ्याचे नाव त्यास देण्यात आले. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे ते जगात त्या एकाच गुहेत राहते असा समज होता. चालू शतकाच्या आरंभी ते कंबोडियात आणि येथे, मेघालयाच्या गुहांत, आढळले. सह्याद्रीच्या कुशीतला हा जीव आपल्याप्रमाणेच इतक्या दूर बिऱ्हाड करून राहिला आहे, हे वाचून आम्हांस मोठी मौज वाटली. मात्र त्याला बदलीचा हुकूम कोणी दिलेला नाही, आणि त्याचे घर मोडले तर त्यास दुसरे घर वाटून देणारे खाते अस्तित्वात नाही.

असाच दुसरा धागा माशांचा. १८७२ साली फ्रान्सिस डे याने पुण्याच्या नद्यांतील एका लहानशा तळमाशाचे वर्णन केले, आणि पुण्यातील कर्नल एव्हेझार्ड याचे नाव त्यास दिले. बस्तरच्या कांगेर खोऱ्यात, कुटुमसरच्या गुहेत, फिकट अंगाचे आणि अधू डोळ्यांचे जे मासे आहेत ते याच जातीचे मानले जातात. पुण्याच्या उन्हात डोळस असलेला मासा बस्तरच्या काळोखात दृष्टी हरवून बसला. निसर्ग अनावश्यक खर्च किती निष्ठुरपणे कमी करतो, याचे हे उदाहरण आमच्या वित्त विभागासही थक्क करील. जैंतिया टेकड्यांतील उम लादाव या गुहेत तर २०१९ साली ४० सेंटिमीटरहून अधिक लांबीचे अंध मासे नोंदले गेले. भूगर्भातील माशांमध्ये इतका मोठा मासा जगात इतरत्र ज्ञात नाही. २०२३ साली त्यास स्वतंत्र जात म्हणून मान्यता देणारा निबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत पुण्याचे डॉ. नीलेश डहाणूकर हे होते. त्या जातीस नाव मात्र जैंतिया टेकड्यांतील प्नार लोकांचे देण्यात आले आहे. ज्यांच्या भूमीत रत्न सापडले त्यांचेच नाव त्यास मिळावे, ही गोष्ट आम्हांस फार उचित वाटते.

गुहा म्हणजे केवळ जीवांचे घर नव्हे, ती काळाची वहीही आहे. छतातून ठिबकणाऱ्या थेंबांतील चुना थरावर थर साचून जमिनीवर लवणस्तंभ उभे राहतात, आणि त्या थरांत त्या त्या वर्षांच्या पावसाची खूण उरते. सोहऱ्याजवळच्या मौम्लुह गुहेतील अशा एका स्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पाऊस एकाएकी क्षीण झाल्याचा पुरावा मिळाला. त्या आधारावर २०१८ साली आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक संघटनेने पृथ्वीच्या इतिहासातील चालू कालखंडास ‘मेघालयन’ हे नाव दिले. आपण सारे, मराठी काय आणि जपानी काय, आज मेघालयन काळातच जगत आहोत. असा एखादा स्तंभ कोणी दिवाणखान्याच्या शोभेसाठी तोडून नेला, तर त्याबरोबर हजारो वर्षांचे दप्तर नाहीसे होते.

एवढे सारे सांगितले ते ज्यासाठी, त्या संकटाकडे आता वळतो. चुनखडीच्या डोंगरात पाणी गाळले जात नाही. मातीतून झिरपणारे पाणी सावकाश स्वच्छ होत जाते, पण भुयारातून वाहणारे पाणी वरची घाण जशीच्या तशी, काही तासांत वा दिवसांत, खालच्या झऱ्यापर्यंत पोहोचविते. जैंतिया टेकड्यांत कोळसा आहे आणि त्यात गंधकाचा अंश मोठा आहे. उंदराच्या बिळासारख्या अरुंद बोगद्यांतून तो उपसला गेला. उघड्या पडलेल्या कोळशावर पाणी आणि हवा लागली की आम्ल तयार होते. परिणामी ओढ्यांचे पाणी तांबूस झाले आणि त्यांतील मासे नाहीसे झाले. लुखा नदीचे पाणी २००७ च्या सुमारापासून हिवाळ्यात विलक्षण निळे होऊ लागले, आणि मेलेले मासे काठाला लागले. कोपिली नदीवरील जलविद्युत प्रकल्पाची यंत्रे आम्लयुक्त पाण्याने गंजू लागली. एप्रिल २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने अशा खाणींवर बंदी घातली. तरीही १३ डिसेंबर २०१८ रोजी पूर्व जैंतिया टेकड्यांतील एका बेकायदा खाणीत नदीचे पाणी घुसले आणि पंधरा मजूर अडकले. नौदलाचे पाणबुडे आले, देशभरातून पंप आले, परंतु जुन्या बोगद्यांचा नकाशा कोणापाशीच नव्हता. पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे सांगणारा कागद नसला, तर त्याची किंमत कधीकधी माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते, याहून कटू धडा कोणता असणार?

मग बंदी घालून हा प्रश्न सुटेल काय? आमच्या नोकरीच्या अनुभवावरून आम्ही नम्रपणे सांगतो की, केवळ हुकमाने तो सुटणारा नाही. मेघालयातील बहुतेक जंगल सरकारचे नाही. ते कुळांचे, गावांचे आणि व्यक्तींचे आहे, आणि राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीने तेथे स्वायत्त जिल्हा परिषदांस अधिकार दिले आहेत. ज्याच्या जमिनीखाली कोळसा वा चुनखडी आहे त्याचीही मुलेबाळे आहेत, त्यालाही शाळेची फी आणि औषधपाणी आहे. अंध माशाचे कौतुक दुरून करणारांनी त्या गृहस्थाच्या चुलीचा विचार केला नाही, तर तो आपले का ऐकेल? दुसरी अडचण अशी की ओढा उगवतो एका कुळाच्या जमिनीत, गडप होतो दुसऱ्याच्या, आणि बाहेर येतो तिसऱ्याच्या. वनखाते झाडे पाहते, खनिज खाते खडक पाहते, पाणीपुरवठा खाते नळ पाहते. अखंड ओढा पाहणारे खाते नाही. सिमसांग नदी सरहद्द ओलांडून बांगलादेशात सोमेश्वरी होते, आणि मेघालयाच्या पायथ्याचे टांगुआर हाओर हे २००० सालापासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून नोंदले गेले आहे. म्हणजे येथल्या डोंगरातील बेफिकिरीचे फळ परदेशातील कोळ्यालाही भोगावे लागते.

यावर उपाय एकच, तो म्हणजे संपूर्ण प्रदेशाचे मिळून केलेले सहकारी संशोधन. हा शब्द भारदस्त वाटला तरी काम साधे आहे. एक उदाहरण देतो. ओढा कोठे गडप होतो आणि कोठे प्रकटतो हे ठरविण्यासाठी गडप होण्याच्या जागी एक निरुपद्रवी रंग पाण्यात सोडतात. आसपासच्या प्रत्येक झऱ्यात कोळशाची लहान पुरचुंडी बांधून ठेवतात. रंगाचे पाणी त्यातून गेले की कोळसा तो धरून ठेवतो, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारा रंगही प्रयोगशाळेत ओळखू येतो. आता हे दहा गावांतील झऱ्यांवर करायचे, तर दहा गावांतील माणसे राजी हवीत. पुरचुंडी बांधणारा, ती ठरल्या दिवशी काढून जपून ठेवणारा गावकरी हवा, तपासणारा रसायनज्ञ विद्यापीठात हवा, खडकाचा जाणकार भूसर्वेक्षणातला हवा, आणि निष्कर्ष गावच्या दरबारापुढे त्यांच्याच भाषेत मांडणारा शिक्षक हवा. यांतला एकजण गळाला तर प्रयोग फसतो. मात्र तो साधला, तर वरच्या गावास प्रथमच कळते की आपण टाकलेला कचरा खालच्या कोणत्या घरच्या घागरीत जातो. आणि हे कोणा परक्या अधिकाऱ्याने सांगितलेले नसते, त्याच्या शेजाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते.

असे एकत्र येणे या भूमीस नवे नाही. खासी लोकांनी ‘लॉ क्यंतांग’ म्हणून राखलेली पवित्र वने शतकानुशतके उभी आहेत. मौफ्लांगच्या वनातून पानही बाहेर नेऊ नये असा दंडक आहे. आपल्याकडच्या देवरायांची आठवण कोणास होणार नाही? प्रा. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा उघड झाले की कित्येक ठिकाणी ओढ्याचा उगम आणि देवाचे रान एकाच जागी राखलेले आहे. गारो टेकड्यांत सिमसांगच्या काठच्या काही गावांनी नदीतले डोह माशांसाठी राखून ठेवले आहेत. सेलबाग्रे येथील गावकऱ्यांनी हुलॉक गिबन या वानरासाठी आपले रान राखले आहे. सिजू आणि रेवाक यांमधील हत्तींच्या वाटेसाठी गारो गावांनी स्वतःची जमीन मोकळी ठेवली. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने अशा सामुदायिक राखीव क्षेत्रांस कायद्याची मान्यताही मिळाली आहे.

नागालँडचे उदाहरण तर अगदी ताजे म्हणावे असे आहे. दोयांग जलाशयावर २०१२ साली अमूर ससाण्यांची हजारोंनी कत्तल झाल्याचे जगापुढे आले. गावाचे वडीलधारे, चर्च, राज्याचे वनखाते आणि बाहेरचे पक्षितज्ज्ञ एकत्र बसले. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, तेथे ससाण्यांची शिकार थांबली, आणि पांग्ती परिसरात तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसविली गेली. त्यांपैकी एकाचे नावच ‘पांग्ती’ ठेवण्यात आले. आपल्या गावाचे नाव घेऊन एक पक्षी समुद्र ओलांडून आफ्रिकेस जातो, ही जाणीव कोणत्याही दंडापेक्षा अधिक काम करून गेली असावी, असे आमचे मत आहे.

आणि सहकार हा शब्द तर मराठी माणसाच्या घरचाच. प्रवरेच्या काठी १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पाण्याच्या बाबतीत त्याहूनही पुढचे पाऊल विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावी टाकले. १९७२ च्या दुष्काळानंतर त्यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात दिले गेले, भूमिहीनांचाही त्यात वाटा धरला गेला आणि उसासारख्या तहानलेल्या पिकास मज्जाव झाला. पुण्याचीच ‘अ‍ॅक्वाडॅम’ ही संस्था सिक्कीमच्या झऱ्यांना पुन्हा पाणी आणण्याच्या कामात तेथील सरकारच्या खांद्यास खांदा लावून उभी राहिली. तिने गावोगावच्या तरुणांस खडक वाचण्यास शिकविले, आणि पावसाचे पाणी नेमके कोठे मुरविले म्हणजे कोणता झरा वाहता राहील, हे त्यांना आपल्या डोंगरावर शोधता येऊ लागले. महाराष्ट्राने या डोंगरांस देण्यासारखे काही असेल तर ते हे आहे. उपदेश त्यांना पुष्कळांनी केला. कसब देणारे थोडे.

तेव्हा आपल्या मंडळाने काय करावे? मोठ्या घोषणा करू नयेत. पन्नास वर्षे आपण गणेशोत्सव, हळदीकुंकू आणि नाटके निष्ठेने केली. त्यांत आणखी एका लहान व्रताची भर घालावी. आपल्या सभासदांत अभियंते आहेत, प्रयोगशाळांत काम करणारे आहेत, शिक्षिका आहेत, हिशेब चोख ठेवणारे आहेत. जवळच्या एखाद्या गावाशी बोलून, त्याच्या दरबाराची इच्छा असेल तरच, एक झरा निवडावा. दर महिन्याच्या ठराविक दिवशी एक बादली भरण्यास किती सेकंद लागतात ते मोजावे, पाण्याची आम्लता कागदी पट्टीने पाहावी, आणि वहीत लिहावे. ती वही दोन प्रतींत ठेवावी, एक गावात आणि एक आपल्या मंडळात. दहा वर्षांची अशी वही कोणत्याही विद्यापीठास हवीशी वाटेल. सहलीस गुहेत जायचे झाले तर गावचा वाटाडा घ्यावा, भिंतीवर नाव कोरू नये, लवणस्तंभास हात लावू नये, वटवाघळांच्या वस्तीत मशाली आणि आरडाओरडा नेऊ नये, आणि त्यांच्या जागेचा पत्ता वर्तमानपत्रात छापू नये. मुलांना बरोबर न्यावे, त्यांना खासी वा गारो भाषेतील पाण्याचे, माशाचे, झाडाचे नाव विचारून घेण्यास सांगावे. परक्या मुलुखातले परकेपण ओसरण्यास याहून सोपा मार्ग आम्हांस ठाऊक नाही.

आम्ही सेवानिवृत्त होऊ, आपल्यापैकी पुष्कळजण गावाकडे परततील, कोणाची मुले आणखी दूर जातील. बदलीवर आलेल्या माणसाने जाताना घराची किल्ली, सामानाची यादी आणि खोल्या झाडून परत द्याव्यात, हा सरकारी निवासस्थानांचा नियम आहे. या प्रदेशाने आपणांस दिलेल्या निवासस्थानात झरेही होते आणि त्या झऱ्यांचे काळोखातील रहिवासीही होते. ताबा देताना ती यादी अपुरी नसावी, एवढीच आमची या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रार्थना आहे.